गाठ सुटते, बोल्ट तुटतो: बेलरचा दोष शोधण्याचा योग्य क्रम

गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलरचा एक गठ्ठा सुटला की बहुतेकांचा पाना सरळ नॉटरच्या, म्हणजे सुतळीला गाठ मारणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगवर जातो. अर्धा फेरा आवळला, दोन गठ्ठे नीट आले, तिसरा सुटला. मग दुसरी स्प्रिंग, मग चाकू, मग सुई. तासाभराने चार ठिकाणची मापं हललेली असतात आणि मूळ दोष जिथे होता तिथेच असतो. आता तो शोधणं पाचपट अवघड, कारण चार नवे दोष आपणच तयार केलेले असतात.

हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. एकदा संध्याकाळभर डाव्या नॉटरशी झगडलो आणि शेवटी दोष निघाला सुतळीच्या पेटीत: गुंडा ओलसर होऊन एका बाजूने चिकटला होता आणि सुतळी झटके खात बाहेर येत होती. नॉटरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तेव्हापासून एक क्रम पाळतो, तोच इथे मांडतो. नॉटरला हात लावायचा तो शेवटी, आणि लावण्याआधी सुटलेली सुतळी हातात घेऊन नीट पाहायची.

हा लेख दोन सुतळ्यांच्या, लहान चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरसाठी आहे. मापं कंपनीनुसार बदलतात, म्हणून तुमच्या मशीनचं मॅन्युअल जवळ असू द्या. इथलं माप आणि मॅन्युअलमधलं माप जुळत नसेल तर मॅन्युअलचं धरा.

## टप्पा 1: मशीन खरोखर थांबवा

पीटीओ (ट्रॅक्टरकडून बेलरला शक्ती देणारा फिरता शाफ्ट) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला. त्यानंतर फ्लायव्हील, म्हणजे जोर साठवून ठेवणारं मोठं चाक, पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. पीटीओ बंद केल्यावरही जड फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्या वेळात प्लंजर (मागेपुढे होत गवत दाबणारा ठोकळा) गवत कापू शकतो, हातही कापू शकतो. थांबल्यावर पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरवरून काढून ठेवा.

चेंबर, म्हणजे गठ्ठा दाबला जातो तो कप्पा, गवताने भरलेलं असेल तर दाबाची हँडलं आधी सैल करा.

इशारा: नॉटरचं चक्र अर्ध्यात अडकलेलं असेल तर फ्लायव्हील थोडंसं हललं तरी सुतळी खालून वर नॉटरकडे नेणाऱ्या सुया वर उसळू शकतात. सुयांच्या मार्गात हात, पाय किंवा डोकं नको. आणि चालू बेलरच्या पिकअपमध्ये (जमिनीवरून गवत उचलणाऱ्या भागात) अडकलेलं गवत किंवा सुतळी हाताने ओढायची नाही. हात सोडायला लागणाऱ्या वेळापेक्षा पिकअप तुम्हाला लवकर आत घेतो.

## टप्पा 2: पाना उचलण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

वही, मोबाइल, मडगार्डवर खडूने, कुठेही चालेल. पण लिहा.

1. एकाच बाजूची सुतळी सुटते की दोन्ही?
2. प्रत्येक गठ्ठा सुटतो की अधूनमधून?
3. सकाळी, दुपारी की शेतातली गवताची ओळ जाड झाली की?
4. दोष सुरू होण्याआधी काय बदललं? नवा गुंडा, नवं शेत, दाब वाढवला, बोल्ट बदलला?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच अर्धा शोध संपतो. एकच बाजू सुटत असेल तर दोष त्या बाजूच्या सुतळीत, सुईत किंवा नॉटरमध्ये आहे. दोन्ही सुटत असतील तर दोन नॉटर एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फार कमी. अशा वेळी दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी बघा: गवताचा ओलावा, चेंबरचा दाब, सुतळीचा प्रकार, सुयांची वेळ, सुयांचा ब्रेक.

चांगल्या बाजूचा नॉटर तर तुमच्याकडे असलेला सगळ्यात चांगला नमुना. फोटो काढून ठेवा. स्प्रिंगची लांबी, चाकूची धार, चाकूच्या आर्मचा म्हणजे दांड्याचा कोन, सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं.

## टप्पा 3: गवत, ओळ आणि वेग

मशीन उघडण्याआधी गवत बघा. लहान चौकोनी गठ्ठ्यांसाठी ओलावा साधारण 15 ते 18 टक्के असावा. 20 टक्क्यांच्या वर गेलं की गठ्ठा तापण्याचा आणि बुरशीचा धोका तर असतोच, शिवाय गवत चेंबरच्या भिंतींना घासून चालतं. दाबाचं हँडल तेच, पण प्रत्यक्ष दाब कितीतरी वाढलेला. सुतळी ताणली जाते, गाठ पडण्याआधीच टोक सुटतं किंवा गाठीजवळ तुटतं. फार कोरडं असेल तर उलट होतं: गठ्ठा चेंबरमधून घसरत जातो, सैल राहतो, पानं गळून भुसा होतो.

म्हणून दुपारी बसवलेला दाब संध्याकाळी दव उतरायला लागल्यावर तसाच ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे. ‘दुपारपर्यंत छान चालत होतं’ असं कुणी म्हटलं की मी आधी हँडलं अर्धा-एक फेरा सैल करायला सांगतो. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

दुसरी चूक वेगाची. बेलर पीटीओच्या ठरलेल्या फेऱ्यांवर, म्हणजे बहुतेक लहान बेलर मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालवायचा. ओळ जाड आली की लोक थ्रॉटल कमी करतात. त्याने प्लंजर आणि फ्लायव्हील मंदावतात, फ्लायव्हीलचा जोर घटतो आणि प्लंजर गवत कापण्याऐवजी त्यावर आदळतो. थ्रॉटल तसाच ठेवून गिअर खाली आणा. पुढे जाण्याचा वेग कमी, पीटीओचा वेग तोच.

सुरू करतानाही पीटीओ कमी थ्रॉटलवर जोडायचा आणि मग हळूहळू 540 वर न्यायचा. भरलेल्या चेंबरवर जोरात पीटीओ टाकला की शिअर बोल्ट (जास्त भार आला की आधी तुटणारा बोल्ट) जातोच.

तपासा: तयार गठ्ठ्यातले थर मोजा. प्रत्येक थर म्हणजे प्लंजरचा एक ठोका. साधारण 12 ते 15 थर असले की भरणी ठीक. सात-आठच जाडजूड थर असतील तर तुम्ही फार वेगाने जाताय. गठ्ठ्यांची लांबी कमी-जास्त येण्याचं कारणही अनेकदा हेच असतं, कारण गठ्ठा पूर्ण थरावरच संपतो.

## टप्पा 4: सुतळी, गुंड्यापासून नेढ्यापर्यंत

या टप्प्यावर पाच मिनिटं द्या. ती कधी वाया जात नाहीत.

- गुंडा उघडा आणि सुतळी आतून, मधोमध निघतेय ना ते बघा. बाहेरून ओढलेला गुंडा पेटीत फिरतो आणि झटके देतो.
- पेटीपासून सुईच्या नेढ्यापर्यंत सगळी सुतळी बोटांतून सरकवा. कुठे धागे विस्कटलेले लागले तर त्या जागेचा वाटाडा म्हणजे गाइड खराब आहे. चिनीमातीच्या गाइडला तडा गेला असेल तर त्याची कड पात्यासारखी कापते.
- सुईचं नेढं आणि तिथली रोलर बोटाने चाचपा. वर्षानुवर्षं सुतळी घासून धातूला खाच पडते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.
- ताण देणारी स्प्रिंगपट्टी दोन्ही बाजूंना सारखी आहे का? हाताने ओढल्यावर सुतळी किंचित अडून, पण एकसारखी आली पाहिजे.
- दोन गुंडे जोडताना चौकोनी गाठ मारा आणि टोकं सुमारे एक सेंटिमीटर ठेवून कापा. लांब शेपट्यांची गाठ नेढ्यात अडकते.
- ताग किंवा सिसलवरून प्लास्टिकच्या सुतळीवर आलात तर नॉटरचा ताण पुन्हा जुळवावा लागेल. प्लास्टिकची सुतळी गुळगुळीत आणि बारीक असते, होल्डरमधून, म्हणजे नॉटरमधल्या सुतळी धरणाऱ्या पकडीतून, निसटते. डावीकडे एक प्रकार आणि उजवीकडे दुसरा, असं कधीच नको.

अदलाबदलीची चाचणी: दोष एकाच बाजूला असेल तर डाव्या-उजव्या नॉटरच्या सुतळ्या एकमेकींना द्या. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर नॉटर निर्दोष आहे, सुतळी दोषी आहे. दोष तिथेच राहिला तर पुढे चला.

## टप्पा 5: एक पूर्ण चक्र हाताने फिरवा

आता नॉटर स्वच्छ करा. हवेच्या पाइपने भुसा उडवा, पाणी मारू नका. बिलहुकाच्या (फास घालणाऱ्या चोचीसारख्या आकड्याच्या) जबड्याखाली आणि डिस्कच्या (सुतळीचं टोक धरणाऱ्या चकतीच्या) खाचांत सुतळीचे तुकडे आणि भुसा घट्ट बसलेला असतो, तो बारीक आकड्याने काढा. डिस्कमध्ये अडकलेला नखाएवढा तुकडा पुढच्या सुतळीला जागाच देत नाही.

चेंबर रिकामं असू द्या. ट्रिप आर्म (गठ्ठ्याची लांबी पुरी झाली की गाठीचं चक्र सुरू करणारा दांडा) हाताने उचलून नॉटरचा क्लच जोडा आणि फ्लायव्हील फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. उलट फिरवलं तर चक्रातले भाग चुकीच्या क्रमाने एकमेकांवर येऊ शकतात. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने लांबून पाहायचं, आणि हात घालायचा असेल तर आधी फिरवणाऱ्याला थांबवून.

क्रम असा दिसला पाहिजे:

1. प्लंजर दाबायला मागे निघालेला असताना सुया खालून वर येतात आणि प्लंजरच्या तोंडातल्या खाचांमधून जातात. प्लंजर त्यांच्या आणि गवताच्या मध्ये ढालीसारखा असतो.
2. सुई तिची सुतळी बिलहुकावरून नेऊन डिस्कच्या खाचेत ठेवते. टकर फिंगर ती सुतळी आत ढकलून जागेवर बसवते.
3. डिस्क फिरते, होल्डर सुतळी पकडतो.
4. बिलहुक फिरतो, दोन्ही सुतळ्यांचा फास त्याच्याभोवती पडतो. जबडा उघडतो आणि दोन्ही टोकं तोंडात घेऊन मिटतो.
5. चाकू बिलहुक आणि डिस्कच्या मध्ये सुतळी कापतो. त्याच आर्मचा पुढचा भाग बिलहुकावरून फास ओढून काढतो. फास टोकांवरून सरकला की गाठ पडली.
6. सुया खाली जातात आणि पुढच्या गठ्ठ्यासाठी सुतळीचं टोक डिस्कमध्ये सोडून जातात.

शेवटची ओळ लक्षात ठेवा, टप्पा 6 तिच्यावरच उभा आहे.

तपासा: सुया कुठे घासतात का? प्लंजरच्या खाचेच्या एका कडेला चकाकी दिसली तर सुई वाकलेली आहे किंवा सुयांची चौकट सरकलेली आहे. प्लंजरच्या तोंडाच्या पुढे सुई आधीच वर आली तर वेळ चुकलेली आहे. अशा स्थितीत पीटीओ जोडू नका. आधी मॅन्युअलमधल्या खुणांप्रमाणे साखळी किंवा गिअरची वेळ जुळवा, नाहीतर सुया मोडतील.

चक्र संपल्यावर सुया मूळ जागी परतल्या की तिथेच थांबल्या पाहिजेत. पुढे सरकत असतील तर नॉटर शाफ्टचा ब्रेक सैल आहे किंवा त्यावर ग्रीस-तेल गेलंय. ग्रीस मारताना हात मोकळा सोडणाऱ्यांची ही ठरलेली चूक. ब्रेकचं अस्तर आणि ट्वाइन डिस्क कोरडी हवी.

## टप्पा 6: सुटलेली सुतळी वाचा

सुटलेल्या गठ्ठ्याची सुतळी फेकू नका. तीन-चार गठ्ठ्यांच्या सुतळ्या गोळा करा, उजेडात धरा आणि दोन्ही टोकं डोळ्याजवळ आणून पाहा.

दोन टोकं वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक वरची सुतळी: गठ्ठा सुरू होताना डिस्कमध्ये पकडलेली आणि गठ्ठ्याच्या पाठीवरून आलेली. दुसरी सुईची सुतळी: गठ्ठा संपताना सुईने खालून वर आणलेली. नीट झालेल्या कामात दोन्ही एकाच गाठीत असतात.

वरच्या सुतळीत गाठ आहे, सुईची मोकळी आहे. सुईची सुतळी बिलहुकाच्या तोंडात गेलीच नाही. टकर फिंगर वाकलेली किंवा तिची स्प्रिंग मेलेली, सुई थोडी वाकलेली, किंवा सुतळीला ताण कमी असल्याने ती ढिली लोंबतेय. इथे होल्डर आवळून काही उपयोग नाही. लोक नेमका तोच आवळतात.

सुईच्या सुतळीत गाठ आहे, वरची मोकळी आहे. वरची सुतळी गाठ पडण्याआधी डिस्कमधून निसटली. आता तिचं मोकळं टोक पाहा, कारण इथे दोन विरुद्ध दोष सारखेच दिसतात:

- टोक सरळ कापलेलं, त्यावर दाबल्याची चपटी खूण: होल्डर सैल आहे. सुतळी धरली होती, पण ओढ लागल्यावर सरकली.
- टोक ब्रशसारखं विस्कटलेलं, धागे लांब-आखूड: होल्डर फार घट्ट आहे, किंवा डिस्कची कड धारदार झालीय. सुतळी सरकली नाही, चिरडून तुटली.

पहिल्यात आवळायचं, दुसऱ्यात सैल करायचं. टोक न पाहता पाना लावला तर पन्नास टक्के वेळा दोष वाढवता. टोक पाहायला दहा सेकंद लागतात.

आणखी एक. वरची सुतळी डिस्कमध्ये ठेवली गेली ती मागच्या चक्रात. म्हणून ती निसटली तर चूक कदाचित एक गठ्ठा आधीच झालेली असते: सुईने सुतळी खाचेच्या कडेवर ठेवली, नीट आत नाही. मागचा गठ्ठा बांधलेला दिसतो म्हणून कुणी तिकडे बघत नाही.

गाठ पडलीय, पण तिच्याजवळ सुतळी तुटलीय, किंवा गाठ बिलहुकावरच लटकून राहते. फास सुटायला त्रास होतोय. जबड्याची स्प्रिंग फार घट्ट, बिलहुक गंजलेला किंवा खरखरीत, नाहीतर आर्म बिलहुकाला घासत नाही.

दोन्ही टोकं मोकळी, पण मुरडलेली. फास पडला होता, जबड्याने टोकं धरून ठेवली नाहीत. जबड्याची स्प्रिंग सैल, किंवा जबड्याचा रोलर झिजलेला.

टोकं असमान, एक धागा लांब ओढलेला. चाकू बोथट. चाकू कापत नाही, ओढतो, आणि ओढताना जबड्यातलं टोक हलतं.

## टप्पा 7: नॉटर जुळवा, एका वेळी एकच गोष्ट

आता पाना घ्या. पण आधी प्रत्येक नटवर पेंटची खूण करा आणि किती फेरे बाहेर आहेत ते मोजून लिहा, म्हणजे मूळ जागी परतता येईल.

1. चाकूला धार लावा. बिघाड कुठलाही असो, हे आधी. बारीक दगडाने, तिरप्या बाजूनेच.
2. बिलहुक आणि डिस्क गुळगुळीत करा. बारीक पॉलिश पेपरने, सुतळी सरकते त्याच दिशेने घासा. हंगामाच्या सुरुवातीचे निम्मे त्रास या गंजाचे असतात. पाच-पन्नास गठ्ठे गेले की बिलहुक आपोआप चकचकीत होतो आणि दोष ‘बरा’ होतो, तो याच कारणाने.
3. आर्म तपासा. हाताने चक्र फिरवताना आर्मचा पुसणारा भाग बिलहुकाच्या पाठीला हलका घासत, टोकाच्या पुढेपर्यंत गेला पाहिजे. दिसायला जवळ आणि प्रत्यक्षात घासत नसेल, तर मध्ये कागदाची पट्टी धरून बघा: ती चिमटली गेली पाहिजे. अंतर असेल तर काही नॉटरमध्ये आर्म किंचित वाकवून जुळवतात. तुमच्या मशीनला ते चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघूनच.
4. होल्डर जुळवा. पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पाच-सहा गठ्ठे बांधा आणि टोकं पुन्हा पाहा. फरक पडला नाही तर पाव फेरा परत घ्या आणि मगच दुसरीकडे वळा.
5. जबड्याची स्प्रिंग सगळ्यात शेवटी. फार सैल केली तर टोकं सुटतात, फार घट्ट केली तर फास सुटत नाही. ज्या ताणावर टोकं धरली जातात तेवढाच पुरे.

इशारा: दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गठ्ठा नीट आला, तर कोणत्या बदलाने आला ते तुम्हाला कळत नाही. दुसरा बदल चुकीचा असला तरी तो मशीनमध्ये राहून जातो आणि पुढच्या आठवड्यात वेगळा दोष म्हणून उभा राहतो.

## टप्पा 8: शिअर बोल्ट पुन्हापुन्हा तुटतो

शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला म्हणजे त्याने गिअर बॉक्स, सुया किंवा प्लंजर वाचवला. त्याच्या जागी हाती लागला तो कडक बोल्ट घालू नका. पुढच्या वेळी बोल्ट टिकेल आणि सुया मोडतील. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घ्या, चार-पाच जास्तीचे ट्रॅक्टरवर ठेवा.

कारण शोधायचं तर तुटला कधी ते आठवा.

गाठ बांधण्याच्या क्षणी तुटला: सुया वेळेवर परतल्या नाहीत. अशा वेळी प्लंजरचा सुरक्षा अडसर चेंबरमध्ये पुढे येतो, प्लंजर त्यावर अडतो आणि फ्लायव्हीलचा बोल्ट जातो. अडसराने आपलं काम केलं. त्याला वायरने बांधून ठेवणं म्हणजे पुढच्या ठोक्याला दोन्ही सुया मोडून घेणं. सुयांचा स्वतःचा शिअर बोल्ट, ब्रेक आणि वेळ बघा.

जाड ओळीत तुटला: प्लंजरचं पातं बोथट आहे किंवा अंतर वाढलंय. पुढचा टप्पा पाहा.

सुरू करताक्षणी तुटला: चेंबर भरलेलं होतं, किंवा थ्रॉटल जास्त होता.

कधीही, कारण न दिसता तुटतो: बोल्टची भोकं लांबट झालीत का बघा. सैल भोकात बोल्ट प्रत्येक ठोक्याला थोडा हलतो आणि शेवटी थकून तुटतो. तुटलेला तुकडा हातात घ्या. एकाच झटक्यात तुटलेल्याची कड स्वच्छ कापलेली असते. सैल बसलेल्याच्या अंगावर चमकणारा घासलेला पट्टा दिसतो. तिथे बोल्ट आवळून भागत नाही, हबची दुरुस्ती हवी.

आणि स्लिप क्लच, म्हणजे जास्त भार आला की घसरून झटका सोसणारा क्लच. एक-दोन हंगाम न सरकलेला क्लच गंजाने घट्ट होतो आणि घसरायचा तिथे घसरत नाही, सगळा झटका बोल्टवर येतो. दोन्ही चकत्यांवरून खडूची सरळ रेघ ओढा, स्प्रिंग सैल करा, पीटीओ क्षणभर जोडून बंद करा. सगळं थांबल्यावर रेघ बघा. रेघ तुटून दोन भागांत सरकलेली दिसली तर क्लच मोकळा झाला. मग स्प्रिंग मॅन्युअलमधल्या लांबीवर परत आवळा.

## टप्पा 9: पातं, आणि गठ्ठ्याचा आकार

गठ्ठ्याच्या कापलेल्या बाजूवर तळहात फिरवा. ती बाजू कातरल्यासारखी सपाट लागली पाहिजे. झुबके बाहेर लोंबत असतील तर प्लंजरचं पातं गवत कापत नाही, घुसळून आत ढकलतंय. त्याचा भार प्लंजरवर, तिथून फ्लायव्हीलवर आणि बोल्टवर.

प्लंजरचं पातं आणि स्थिर पातं यांत साधारण 0.5 ते 0.8 मिलिमीटर अंतर असतं. फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) पात्याच्या वर, मध्ये आणि खाली मोजा. मोजताना प्लंजर स्थिर पात्यापासून दूर दाबून धरा, नाहीतर झिजलेल्या बेअरिंगमुळे उभं असताना ठीक दिसणारं अंतर काम करताना दुप्पट होतं. प्लंजर हाताने वर-खाली खडखडला तर आधी बेअरिंग आणि रुळाच्या पट्ट्या, मग पातं. झिजलेल्या रुळांवर पातं कितीही जुळवलं तरी दोन दिवसांत तेच.

केळ्यासारखा वाकलेला गठ्ठा नॉटरमुळे नाही होत, भरणीमुळे होतो. दोन्ही बाजू हाताने दाबून बघा. पिकअपपासून लांबची बाजू मऊ असेल तर गवत तिथवर पोचत नाही: गवत आत ढकलणारे फीडरचे काटे चेंबरच्या दिशेने पुढे घ्या. जवळची बाजू मऊ असेल तर मागे. काटे हलवण्याआधी ओळीवरून सरळ चालवताय ना, तेही बघा. कायम एका कडेने घेतलेल्या ओळीचा गठ्ठा वाकडाच येणार.

प्लंजर दाबून परतताना गवतही त्याच्यासोबत परत येत असेल तर चेंबरच्या भिंतीतले, स्प्रिंगवर चालणारे हे-डॉग (दाबलेलं गवत अडवून धरणारे खटके) भुशाने अडकलेत. साफ करा, तेल द्या, प्रत्येक खटका बोटाने दाबून सोडा: खट्कन बाहेर आले पाहिजेत.

लांबी मोजणाऱ्या दातेरी चाकाचे दात झिजले असतील तर ते गवतावर घसरतं आणि गठ्ठे लांब-लांब येत जातात. त्या चाकाच्या अक्षावरही भुसा गुंडाळला जातो. चाक हाताने फिरवल्यावर सहज फिरलं पाहिजे.

## टप्पा 10: शेतात परत, पण सैल दाबाने

दाबाची हँडलं सैल ठेवून सुरुवात करा. पहिले दोन-तीन गठ्ठे ढिले येतील, चालेल. गाठी नीट पडतायत ते बघत दाब थोडा-थोडा वाढवा, दोन्ही बाजूंना सारखा. दहा गठ्ठ्यांनंतर थांबा, सगळं बंद करा, आणि तीन ठिकाणी बघा: नॉटरच्या बेअरिंगचं तापमान, हलवलेले नट, आणि नॉटरखाली साठलेला भुसा. बेअरिंगच्या जवळ हात नेल्यावरच चटका जाणवला तर पुढे जाऊ नका. कोरड्या भुशाच्या शेजारी तापलेलं बेअरिंग हे आगीचं नेहमीचं कारण आहे. अग्निशामक सिलिंडर ट्रॅक्टरवर असू द्या, शेडमध्ये नाही.

सगळं ठीक असेल तर नॉटरवर केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहा: कोणता नट, किती फेरा, कोणती सुतळी, किती ओलावा.

हंगाम संपल्यावर चेंबर रिकामं करा. आत राहिलेला गठ्ठा ओल धरतो, भिंती गंजवतो आणि पुढच्या वर्षी पहिल्याच ठोक्याला बोल्ट तोडतो. डिस्कमधली सुतळी काढून टाका, बिलहुक, डिस्क आणि चाकूवर तेलाचा पातळ थर द्या, स्लिप क्लचच्या स्प्रिंग सैल करा आणि त्या सैल केल्याची चिठ्ठी पीटीओ शाफ्टला बांधा. पुढच्या हंगामात सुतळी ओवण्याआधी डिस्क आणि बिलहुकावरचं ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. तेलकट डिस्कमधून सुतळी निसटते.